वार्धक्य, विस्मृती आणि मेंदू

‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या हिंगोलीकडील घरांतून थट्टेने उच्चारली जाते. परंतु आजोबा नुकतेच जेवून उठले असता ‘मला कोणी वाढीत का नाही?’ असे विचारू लागतात, किंवा आजी पोटच्या लेकीस ‘तू कोणाची गं बाई?’ म्हणते, तेव्हा थट्टा ओसरते. मग म्हातारा मुद्दाम छळतो, त्यास चळ लागला, कोणी करणी केली, असे तर्क निघतात. हे तिन्ही तर्क सारखेच निराधार होत. म्हणही खरी नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीवरील दर शंभरांपैकी सुमारे सातच जणांस स्मृतिभ्रंश असतो. तो म्हातारपणाचा स्वभाव नसून मेंदूचा विकार होय.

१९०६ साली आलोइस आल्झायमर ह्या जर्मन वैद्याने एका मृत स्त्रीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. ती फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. तिच्या मेंदूत त्यास दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेले गाळाचे ठिपके, आणि पेशींच्या आत पीळ पडलेल्या धाग्यांचा गुंता. ठिपके ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे व गुंता टाउ नावाच्या प्रथिनाचा, हे पुढे कळले. निरोगी पेशीत टाउ हे आतील वाहतुकीच्या मार्गांस आधार देते; ते सुटून गुंतले म्हणजे पेशी हळूहळू मरते. कानशिलाच्या आत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग आहे. नवी आठवण तेथे बांधली जाते, आणि ह्या रोगाचा घाला तेथेच आरंभी पडतो. म्हणूनच १९४८ मधील रझाकारांचे दिवस बारकाव्यांसह सांगणाऱ्या आजीस आज सकाळची भाकरी आठवत नाही. ती खोटे बोलत नसते. सकाळची आठवण तिच्या मेंदूत उतरलेलीच नसते.

नव्वदीच्या घरातील मेंदूची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे बहुधा एकच विकार नसतो. ठिपके व गुंते असतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडून लहान लहान भाग मेलेले असतात, आणि पुष्कळदा टीडीपी-४३ नावाचे तिसरेच प्रथिन साचलेले असते. ह्या शेवटच्या विकारास स्वतंत्र नाव मिळाले ते २०१९ साली.

ह्याहून नवलाची हकीकत अमेरिकेतील धर्मभगिनींची. डेव्हिड स्नोडन ह्यांनी १९८६ मध्ये आरंभिलेल्या अभ्यासात ६७८ भगिनींनी दरवर्षी परीक्षा देण्याचे व मृत्यूनंतर आपला मेंदू देण्याचे मान्य केले. ज्यांनी आयुष्यभर मुलांस शिकविले, त्यांतील अनेकींनी मरणानंतरही शिकविण्याचे सोडले नाही, असेच म्हणावे लागेल! त्यांपैकी सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या मेंदूत ठिपके व गुंते विपुल होते, तरी स्मरणाच्या परीक्षांत त्यांचे गुण उत्तम होते. उलट, ज्यांच्या मेंदूत ठिपक्यांसोबत रक्तवाहिन्यांचे लहान आघातही होते, त्यांची बुद्धी अधिक ढासळली होती. तेव्हा रक्तदाब ताब्यात ठेवणे हे हृदयाइतकेच बुद्धीच्याही हिताचे आहे.

आपल्याला जवळचा दाखला हैदराबादचा. तेथे डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांचे सहकारी ह्यांनी ६४८ रुग्ण पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखानुसार एकाहून अधिक भाषा बोलणारांस रोगाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही हाच फरक आढळला. सर्वच संशोधकांचा अनुभव असा नाही. तरी तांड्यावरून येणाऱ्या ज्या विद्यार्थ्यास वर्गात आपल्या बंजारा बोलीची लाज वाटते, त्याने हे ध्यानात घ्यावे.

पालकांस एक सूचना. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल खिन्नता किंवा काही औषधे ह्यांमुळेही विस्मृती होते, आणि तिच्यावर बहुधा उपाय आहे. म्हणून वृद्धास प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. आणि जाताना तो घेत असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर घ्यावीत.