शहात्तर वेळा जमिनीवर

खेळामागचा खेळ : लेखांक ७

८ सप्टेंबर २००२. ह्यूस्टन टेक्सन्स या अमेरिकन फुटबॉलमधल्या नव्याकोऱ्या संघाचा पहिलाच सामना होता आणि समोर होता त्याच राज्यातला मातब्बर डॅलस काउबॉइज. टेक्सन्सने तो १९-१० असा जिंकला. ह्यूस्टनकरांना वाटलं, आपला माणूस सापडला. हा माणूस म्हणजे डेव्हिड कार, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला पहिला क्वार्टरबॅक आणि पहिला खेळाडूही. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर एक विक्रम लागला होता, पण भलताच. चेंडू हातात असतानाच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला ७६ वेळा जमिनीवर लोळवलं होतं. याला ‘सॅक’ म्हणतात, आणि एनएफएलमध्ये एका हंगामात इतके सॅक दुसऱ्या कुणाच्याही वाट्याला आलेले नाहीत.

ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी निवडून घेण्याची पद्धत, गेल्या आठवड्यात पाहिली. तळाला राहिलेला संघ आधी निवड करतो, म्हणजे दुबळ्याला बळ मिळतं. नियम न्याय्य आहे. पण निवडल्या गेलेल्या पोराच्या जागी उभं राहिलं की त्याची दुसरी बाजू दिसते. कॉलेजातला सर्वांत गुणी क्वार्टरबॅक नेमका सर्वांत विस्कटलेल्या घरात जाऊन पडतो. प्रशिक्षक एक तर नवा असतो, नाही तर जायच्या बेतात. मालकाला घाई असते. आणि त्या पोराला वाचवायला पुढे जी पाच धिप्पाड माणसं लागतात, ती धड नसतात.

क्वार्टरबॅकचं काम जवळून पाहिलं तर ही पाच माणसं का महत्त्वाची, ते कळतं. हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर त्याला प्रशिक्षकाचा आवाज येतो. घड्याळात पंधरा सेकंद उरली की तो आवाज बंद होतो आणि पुढचं सगळं एकट्यावर येतं. दहा-बारा शब्दांची ती सांकेतिक चाल सहकाऱ्यांना सांगायची, समोरची बचावफळी कशी उभी आहे ते पाहायचं, गरज वाटली तर चाल बदलायची. चेंडू हातात आला की मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात चार-पाच सहकाऱ्यांवरून नजर फिरवून चेंडू सोडायचा असतो. कॉलेजातले अनेक संघ साध्या खुणांवर खेळतात आणि तिथे पास झेलणारा गडी बऱ्याचदा हातभर मोकळा सापडतो. इथे तो मोकळा होण्याआधीच, तो जिथे पोचणार त्या जागी चेंडू निघालेला असावा लागतो. पाय स्थिर नसतील तर हे जमत नाही.

कारच्या डाव्या बाजूला, म्हणजे पास टाकताना त्याला न दिसणाऱ्या बाजूला, टेक्सन्सने टोनी बोसेली हा नाणावलेला टॅकल आणला होता. इतर संघांतून खेळाडू उचलायची संधी नव्या संघाला मिळते, त्यात त्यांनी सर्वांत आधी बोसेलीचंच नाव घेतलं. पण त्याचा खांदा गेला होता. ह्यूस्टनसाठी तो एकही सामना खेळू शकला नाही. त्या मोकळ्या बाजूची किंमत कारने मोजली. पाच हंगामांत २४९ सॅक झाल्यावर २००७ मध्ये संघाने त्याला सोडून दिलं.

मार फक्त अंगावर बसत नाही. सारखं पडून पडून क्वार्टरबॅकची नजर दूरच्या सहकाऱ्यांवरून घसरते आणि अंगावर धावून येणाऱ्यांवर खिळते. सॅम डार्नल्डला न्यूयॉर्क जेट्सने २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. ऑक्टोबर २०१९ मधल्या एका सोमवारी रात्री, न्यू इंग्लंडविरुद्ध, त्याच्या अंगावर टीव्हीचा मायक्रोफोन होता. आपल्याला भुतं दिसताहेत, असं तो बाकावर बसून बोलला आणि साऱ्या देशाने ते ऐकलं. जेट्स ३३-० हरले. डार्नल्डच्या ३२ पासपैकी ११ लागले आणि चार थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. लोक हसले. खरं तर त्याने आपल्या कामाचं इतकं प्रामाणिक वर्णन केलं होतं की त्यावर हसायला नको होतं.

मग सगळा दोष संघाचाच का? नाही. रायन लीफचं उदाहरण टाळता येत नाही. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग पहिला आणि लीफ दुसरा. दोघांत कोण सरस यावर तेव्हा जाणकारांत खरोखर दुमत होतं. तिसऱ्याच सामन्यात, कॅन्सस सिटीत, लीफचे १५ पैकी १४ पास फुकट गेले. पुढे पत्रकारावर आरडाओरडा झाला, सहकारी दुरावले. त्या हंगामात त्याचे दोन टचडाउन झाले आणि १५ इंटरसेप्शन. आरडाओरडा आणि दुरावा या गोष्टी तरी स्वभावाच्याच होत्या.

पण त्याच वर्षी मॅनिंगचेही २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले होते आणि त्याचा कोल्ट्स संघ १३ सामने हरला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. फरक असा की चाली आखणारे टॉम मूर पुढची कितीतरी वर्षं मॅनिंगच्या सोबत राहिले. मार्व्हिन हॅरिसनसारखा झेलणारा त्याच्याकडे आधीपासून होता. लीफच्या प्रशिक्षकाला सहा सामन्यांनंतरच काढून टाकलं. अपयशी निवडीला अमेरिकेत ‘बस्ट’ म्हणतात. शब्द निर्दय आहे, आणि तो लावला जातो फक्त खेळाडूला, निवडणाऱ्याला नव्हे.

२००५ चा पहिला क्रमांक, ॲलेक्स स्मिथ. सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा आक्रमणाचा प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलला. नवा माणूस आला की नवी भाषा, नवे संकेत. सहा वर्षांनी जिम हार्बो मुख्य प्रशिक्षक झाले आणि संघाने १६ पैकी १३ सामने जिंकले. क्वार्टरबॅक तोच होता. त्याच ड्राफ्टमध्ये २४ व्या क्रमांकापर्यंत घसरलेल्या ॲरन रॉजर्सला मात्र ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं बसून शिकायला मिळालं. ड्राफ्टच्या दिवशी त्याची मान खाली गेली होती. पण ती घसरणच त्याच्या पथ्यावर पडली, असं म्हणायला जागा आहे.

डार्नल्डचं काय झालं? २०२४ मध्ये, चौथ्या संघात, मिनेसोटात, त्याला मनासारखा प्रशिक्षक आणि जस्टिन जेफरसनसारखा झेलणारा मिळाला. संघाने १४ सामने जिंकले.

त्याच हंगामात शिकागोत पहिल्या क्रमांकाचा केलेब विल्यम्स ६८ वेळा जमिनीवर पडत होता. कारच्या विक्रमापासून आठ कमी. मार्च २०२५ मध्ये शिकागोने त्याच्यापुढची फळी मधूनच उचकटली आणि डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड अशी तिन्ही माणसं नवी आणली.