हज कोणावर फर्ज, आणि अंगावर कर्ज असेल तर?

उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई सगळीकडेच चालू आहे, तेव्हा हातातलं काम चालू ठेवून ऐकलंत तरी चालेल.

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका खालांनी विचारलं, "ताई, गटातून हजसाठी कर्ज मिळेल का?" आमच्या गटात सगळ्या समाजाच्या बायका आहेत. एकजण लगेच म्हणाली, "देवाधर्माच्या कामाला नाही कसं म्हणायचं? पंढरपूरला जायला आपण नाही का दिले होते पैसे?" तेवढ्यात खालांची भाची बोलली, "खाला, कर्ज काढून हज नसतो." खाला म्हणाल्या, "मग हज न करता मेले तर?" यावर कोणालाच उत्तर देता येईना. म्हणून मी हज करून आलेल्या दोघींना विचारलं, मालेगावच्या एका मौलानांशी बोलले, थोडं वाचलं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

इस्लाममध्ये पाच गोष्टी पायासारख्या मानतात. अल्लाह एकच आहे आणि मुहंमद पैगंबर त्याचे प्रेषित आहेत ही ग्वाही, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, जकात म्हणजे ठरावीक मालमत्तेवर गोरगरिबांसाठी द्यायचा वाटा, आणि हज. जे केलंच पाहिजे त्याला 'फर्ज' म्हणतात. पण हज प्रत्येक मुसलमानावर सरसकट फर्ज नाही. कुरआनच्या तिसऱ्या सूरेत, ९७ व्या आयतीत, हे कर्तव्य सांगतानाच ज्याला तिथवर पोचण्याची ऐपत आहे त्याच्यावरच ते आहे, असं घातलेलं आहे.

वारीशी ताडून पाहिलं तर फरक पटकन कळतो. वारीची सक्ती कोणावर नाही. माळ घातली की माणूस नेम घेतो आणि वर्षानुवर्षं पाळतो. हजचं तसं नाही. ऐपत आली की तो आपोआप लागू होतो, नसेल तर लागू होतच नाही, आणि झाला तरी आयुष्यात एकदाच. दरवर्षी करायचा का, असं पैगंबरांना एकाने विचारलं होतं. मी हो म्हणालो तर तो दरवर्षी बंधनकारक होईल आणि तुम्हाला झेपणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर हदीसमध्ये नोंदलेलं आहे. मदिनेला गेल्यानंतर त्यांनी स्वतः एकच हज केला, इसवी सन ६३२ मध्ये.

हज होतो मक्केत, जिल्हज महिन्याच्या ८ तारखेपासून १२-१३ तारखेपर्यंत. त्यांचे महिने चंद्राचे, आणि आपल्यासारखा अधिक महिना नाही, म्हणून हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षं तो ऐन उन्हाळ्यात येतो. यात काबागृहाला सात फेऱ्या असतात, अरफातच्या मैदानावर थांबायचं असतं, आणि सफा व मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा जायचं-यायचं असतं. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत त्याची आई हाजरा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, त्याची ती आठवण. जमजमचं पाणी तिथेच सापडलं असं मानतात. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या एका आईच्या पावलावर पाऊल टाकून राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना चालावं लागतं.

आता हज कोणावर फर्ज, ते बघू. माणूस मुसलमान हवा, वयात आलेला हवा, शुद्धीवर हवा. लहान मुलाला बरोबर नेलं तर पुण्य मिळतं, पण मोठेपणी ऐपत आली तर त्याला पुन्हा जावं लागतं. पूर्वी गुलाम असत, त्यांच्यावर हज नव्हता. खरी मेख आहे ती ऐपत या शब्दात. ऐपत पैशाची, शरीराची आणि वाटेची.

पैशाचं आधी. जायचा, यायचा आणि तिथे राहायचा खर्च निघाला म्हणजे ऐपत झाली असं नाही. परत येईपर्यंत घरातल्या माणसांचं खाणं-पिणं, औषधपाणी, शाळेची फी याची सोय मागे हवी. राहतं घर विकायला धर्म सांगत नाही. ज्याच्यावर पोट चालतं ती शिलाई मशीन, तो हातमाग, पोटापुरतं शेत विकायला सांगत नाही. आणि अंगावरचं देणं आधी वजा करायचं. देणं फेडून, घर चालवून जे शिल्लक राहील त्यात हज बसत असेल तरच तो फर्ज. लांब मुदतीचं कर्ज असेल, हप्ते वेळेवर जात असतील आणि ज्याचे पैसे आहेत त्याची हरकत नसेल, तर जायला मोकळीक आहे. पण थकबाकी मागे ठेवून निघू नये.

म्हणजे खालांची भाची बरोबर होती. ज्याच्यावर हज फर्ज नाही त्याने कर्ज काढून तो फर्ज करून घेण्याची काही गरज नाही. त्यात आपल्या गटाचं कर्ज दरमहा शेकड्याने चालतं, आणि इस्लाममध्ये व्याज घेणंही मना आहे, देणंही. (गट आणि व्याज यावर आमच्या मुस्लिम भगिनींचं म्हणणं काय असतं, तो एका वेगळ्या दिवसाचा विषय आहे. तो मी टाळणार नाही.) खालांना मी हे सगळं सांगितलं. ऐपत नसताना हज राहिला तर त्याचं पाप लागत नाही, हे मौलानांनीच सांगितलंय म्हटल्यावर त्या जरा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आधी शेळीचं कर्ज संपवते." कर्जाची मागणी त्यांनीच मागे घेतली. वारीसाठी दिलं आणि हजसाठी नाही, असा दुजाभाव आमच्या वहीत झाला नाही, याचं मला बरं वाटलं.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती कांदेवाल्यांना चांगली समजेल. समजा एका वर्षी भाव चढला, देणी फिटली, हातात पुरेसे पैसे उरले आणि अर्ज भरायची वेळही होती. पण पुढच्या वर्षी बघू म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी लिलावात भाव पडला आणि पैसे गेले. हनफी पंथात अशा माणसावरचा हज उतरत नाही. तो त्याच्या डोक्यावर देण्यासारखा राहतो, कारण वेळ होती तेव्हा ऐपत होती.

आणखी एक समजूत आपल्या भागात घट्ट आहे, की सगळ्या मुलींची लग्नं झाल्याशिवाय हजला जायचं नाही. मौलाना म्हणाले, अशी अट धर्मात नाही. लग्नाच्या जेवणावळींसाठी हज लांबवायचा आणि शेवटी गुडघे गेले म्हणून राहून जायचा, असं फार घरांत होतं.

आता बायकांचं. हे नीट ऐका. हजची ऐपत ज्याची त्याची मोजतात. नवरा श्रीमंत आहे म्हणून बायकोवर हज फर्ज होत नाही आणि नवऱ्याने केला म्हणून तिचा उतरत नाही. तिच्या स्वतःच्या मालकीचं काय आहे ते बघायचं. मेहर तिचा, माहेरच्या वारशातला वाटा तिचा, तिच्या मालकीचं सोनं तिचं, तिची कमाई तिची. मेहर ही निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ती तिची हक्काची असते. प्रत्यक्षात "माफ केला" असं तिच्याकडून वदवून घेतात, कधी कधी नवऱ्याच्या मयताजवळ. माहेरचा वाटा भावांना सोडून दिला की आपल्याकडे सगळ्याच समाजांत बाई गुणाची ठरते. मग तिच्या नावावर उरतं काय? ऐपतीचा हिशोब मांडायला बसलं की हे सगळं समोर येतं. मला स्वतःला वाटतं, हज दूर राहिला, पण आपल्या नावावर काय आहे हे प्रत्येकीला माहीत असावं.

नवऱ्याची परवानगी? हनफी मतानुसार हज फर्ज झाला असेल आणि बरोबर महरम असेल, तर नवऱ्याला बायकोला अडवता येत नाही. महरम म्हणजे ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही असा पुरुष, जसा बाप, भाऊ, मुलगा, सख्खा भाचा-पुतण्या, काका-मामा, सासरा, जावई. नवरा तर चालतोच. दीर चालत नाही, चुलतभाऊ-मामेभाऊ चालत नाही. महरमचा खर्चही तिलाच करावा लागत असेल, तर दोघांचा खर्च निघाला तरच तिची ऐपत. नवरा वारल्यावर इद्दतचे चार महिने दहा दिवस चालू असतील तर त्या काळात निघता येत नाही.

मग ज्या बाईला नवरा नाही, भाऊ नाही, मुलगा नाही, तिने काय करायचं? इथे पंथापंथांत फरक आहे. आपल्या नाशिक-मालेगावकडे बहुतेक लोक हनफी, त्यांच्यात महरम लागतोच असं मानतात. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्यात विश्वासू बायकांच्या सोबतीने फर्ज हज करता येतो. आपल्या सरकारने २०१८ च्या हजपासून ४५ वर्षांवरच्या बायकांना, ज्यांचा पंथ मान्य करतो त्यांना, महरमशिवाय चौघींच्या गटाने जायची मुभा दिली. पहिल्या वर्षी १,३०० च्या आसपास अर्ज आले आणि त्यांना सोडतीतून सूट मिळाली. २०२३ मध्ये अशा ४,००० हून अधिक बायका गेल्या. सौदी सरकारनेही आता महरमची अट काढली आहे. सरकारने परवानगी दिली म्हणून पंथाचा नियम बदलत नाही, असं काही मौलाना म्हणतात. तो निर्णय जिचा तिने घ्यायचा.

बायका हळू आवाजात विचारतात तो प्रश्नही सांगून टाकते. तिथे असताना पाळी आली तर? काबागृहाच्या फेऱ्या सोडून अरफात, मिना, सगळं करता येतं. फेऱ्या पाळी संपून अंघोळ झाल्यावर करायच्या. हज वाया जात नाही.

शरीराच्या ऐपतीबद्दल. म्हातारपण, अर्धांगवायू, दृष्टी गेलेली, असं बरं न होणारं काही असेल आणि पैसे असतील, तर आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवता येतं. त्याला हज-ए-बदल म्हणतात. याचा आधार एका बाईच्या प्रश्नात आहे. खसअम जमातीच्या एका बाईने पैगंबरांना विचारलं, माझे वडील इतके म्हातारे आहेत की वाहनावर नीट बसवत नाही, त्यांच्या वतीने मी हज करू का? ते हो म्हणाले. म्हणजे बापाचं हे कर्तव्य मुलगी पार पाडू शकते. क्रियाकर्माला मुलगाच हवा म्हणणाऱ्या आपल्या घरांतून हे ऐकताना मला गंमत वाटली.

राहिली वाट. वाट सुरक्षित नसेल तर हज फर्ज होत नाही. सोळाव्या शतकात समुद्रावर गोव्याच्या पोर्तुगीजांचा जोर होता, जहाजांना त्यांचे परवाने घ्यावे लागत. तेव्हा हिंदुस्थानातल्या काही मौलवींनी हज फर्ज राहिला नाही असंच मत दिलं होतं. मुघल बादशहांपैकी कोणी हजला गेला नाही. पण अकबराची आत्या गुलबदन बेगम इतर बायकांना घेऊन सुरतेहून समुद्रमार्गे गेली आणि १५८२ मध्ये परतली. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६४ मध्ये मुंबई बंदरातून गेल्या, राज्य चालवणाऱ्या बाई. पुढे आपल्याकडचे लोकही मनमाडहून रेल्वेने मुंबईला जात, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि बोटीने जेद्दाला निघत. १९९५ नंतर बोट बंद झाली, आता विमानच. करोनामुळे २०२० आणि २०२१ ला भारतातून कोणाला जाताच आलं नाही.

सरकारी अनुदानाचंही कित्येकजणी विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते हळूहळू बंद करायला सांगितलं होतं, आणि २०१८ पासून ते बंद आहे. स्वतःच्या ऐपतीवर हज असेल तर अनुदान कशाला, असं मुस्लिम समाजातही पुष्कळजण म्हणत होते.

ज्यांची ऐपत आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. अर्ज हज कमिटी ऑफ इंडियाकडे ऑनलाइन भरायचा असतो, तो बरेच महिने आधी सुटतो, आणि अर्ज जास्त आले की सोडत निघते. तिला कुर्रा म्हणतात. अलीकडे खर्च माणशी तीन लाखांच्या वरच जातो, तो हप्त्यांनी भरता येतो. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाचा, शेजारणीच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका. पासपोर्ट आधी काढून ठेवा. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते बघा, आपल्या बायकांची नावं माहेर-सासरमध्ये हमखास बदललेली असतात.

आणि गावोगाव फिरून स्वस्तात हज, उमरा करवून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा. उमरा वर्षात केव्हाही होतो, पण त्याने हजचा फर्ज उतरत नाही, आणि हे दोन शब्द मुद्दाम मिसळून पैसे गोळा केले जातात. खासगी टूरवाला असेल तर तो त्या वर्षीच्या सरकारी यादीत आहे का ते अल्पसंख्याक मंत्रालयाच्या वेबसाइटवर मुलाबाळांकडून तपासून घ्या. रोख देऊ नका, पैसे बँकेतून द्या, पावतीवर हज लिहिलंय की उमरा ते वाचा, वाचता येत नसेल तर गटाच्या बैठकीत घेऊन या.