‘शुगर’ची पहिली उचल

दिवाळीच्या आसपास जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, उसाची पहिली उचल म्हणजे दराचा पहिला हप्ता किती हवा ते ठरवायला. अशाच एका परिषदेच्या वेळी बाहेरच्या चहाच्या गाड्यावर एक आजोबा म्हणाले, “बिनसाखरंचा दे रं, शुगर हाय मला.” मग खिशातून डबी काढून त्यांनी कपात सॅकरीनच्या दोन गोळ्या टाकल्या. साखर, शुगर, सॅकरीन. एकाच शब्दाची तीन रूपं एका कपाभोवती! मी खूश होतोय तोवर शेजारच्यानं ते वाक्य टाकलंच, जे मी लग्नात, एसटीत, बाजार समितीत ऐकून ऐकून विटलोय. “सर, शुगर शब्द आपलाच. इंग्रज आले, साखर नेली, जाताना शब्दपण उचलला. शर्करा, शुगर. श बघा की!”

मूळ आपल्याकडचं, हे खरं आहे. सगळंच खोटं असतं तर एका वाक्यात निकाल लागला असता. अर्ध्या खऱ्यानंच डोकं उठतं.

आधी तारखा बघू. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० सालच्या ३१ डिसेंबरला. आणि इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री १२२६ मध्येच विंचेस्टरच्या महापौराकडे तीन पौंड साखर मागतो. साखर कुठली, तर अलेक्झांड्रियाची. विश्वास बसत नसेल त्यानं सिडनी मिंट्झ यांचं ‘स्वीटनेस अँड पॉवर’ (१९८५) उघडावं. तीन पौंड म्हणजे दीड किलोसुद्धा नाही. त्याच शतकात हा शब्द इंग्रजीत लिहिलेला सापडतो. कंपनीचं जहाज सुरतेला लागायला अजून तीनशे वर्षं होती.

मग शब्द गेला कसा? शर्करेची पहिली उचल इराणी लोकांनी घेतली: शकर. त्यांच्याकडून अरबांनी: सुक्कर. अरबांनी ऊसही इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत नेऊन लावला. पुढे इटलीत ‘त्सुक्केरो’, तिथून फ्रेंचांत ‘स्यूक्र’, आणि तेव्हा इंग्लंडच्या दरबाराची भाषाच फ्रेंच असल्यानं तिथून इंग्रजीत. म्हणजे इंग्रजांनी शब्द घेतला तो फ्रेंच शेजाऱ्याकडून, आपल्या बांधावर पाऊलही न टाकता.

आणि तो ‘श’! ज्याच्यावर सगळा दावा उभा, तोच नेमका कच्चा. इंग्रजीत हा शब्द आजही ‘एस’नं लिहितात, कारण सुरुवातीला उच्चार ‘स’चाच होता. पुढं ‘स्यु’चा ‘शु’ झाला तो इंग्रजांच्याच तोंडात, ‘शुअर’मध्ये झाला तसा. फ्रेंच माणूस अजून ‘स’च म्हणतो. अरबांनी पुसलेला आपला ‘श’ इंग्रजांनी योगायोगानं पुन्हा उमटवला, इतकंच.

शर्करा म्हणजे तरी मूळचं काय? खडे, वाळूची कच. आयुर्वेदात लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हणतात. गुऱ्हाळावरून आणलेली काकवीची बाटली थंडीत चार महिने ठेवून बघा. तळाला रवा धरतो. चिमटीत घेऊन चोळला की नदीच्या वाळूसारखा कचकचतो. नाव ठेवणाऱ्यानं बोटाला जे लागलं तेच सांगितलं. आपण तो अर्थ विसरलो आणि पुढं ‘खडी’ लावून ‘खडीसाखर’ म्हणू लागलो!

साखर फारसीतून आली म्हणणारेही भेटतात. नाही. पालीत ‘सक्खरा’, प्राकृतात ‘सक्करा’ आहे. हत्थचा हात झाला तशी त्यातून साखर झाली. शिरोळ तालुक्याची हद्द ओलांडली की कन्नडमध्ये ‘सक्करे’ ऐकू येतं. ग्रीकांनी वेगळी उचल घेतली. त्यांच्या ‘साखारोन’वरून लॅटिन ‘सॅकारम’ आणि त्यावरून १८७९ मध्ये सापडलेलं सॅकरीन.

साखरेला हिंदीत चीनी म्हणतात म्हणून ती चीनची? उलट ६४७ मध्ये तांग सम्राट ताइझोंगनं साखरेची कृती शिकायला माणसं मगधात पाठवली होती. सरबत आणि सिरप शर्करेचे कुणी नव्हेत. ते ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूचे. कँडी मात्र खरंच आपल्या ‘खंड’ची. आणि ऊस तरी अस्सल आपला ना? शेतातल्या ‘दोनशे पासष्ट’ या ऊसजातीत ज्या जाड उसाचं रक्त आहे, तो माणसाळवला न्यू गिनीत.

एवढ्यावरही कुणाला चोरीची फिर्याद द्यायचीच असेल तर ‘जॅगरी’वर द्यावी. तो शब्द खरोखर पश्चिम किनाऱ्यावरून गेला. शर्करेचाच सख्खा वंशज, मल्याळम ‘चक्कर’. पण तिथंही आधी हात मारला पोर्तुगीजांनी, इंग्रजांनी मागाहून त्यांच्याकडून घेतला. ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात शुगर आणि जॅगरी, दोन्ही शब्दांची वंशावळ दिली आहे.

हे सगळं मी गाड्यावर सांगितलं. शेजारच्यानं चहा संपवला, मिशी पुसली. “म्हंजे उचल झालीच की सर. फकस्त हप्त्या-हप्त्यानं.”

एवढ्यात आत माईकवर यंदाच्या पहिल्या उचलीचा आकडा सुरू झाला आणि आजोबा आणि तो, दोघंही कप ठेवून तिकडं पळाले.