एक बुलबुल उदंड, दुसरा दुर्मीळ

बाल्कनीतली कुंडी, दिव्याची शेड, जिन्यातली वायरची गुंडाळी... लालबुड्या बुलबुलाला घरट्यासाठी कुठलीही जागा चालते. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची दोन-तीन अंडी पडली की घरातली माणसंच खिडकी जपून उघडायला लागतात.

आता धक्का घ्या. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत हा आपला शेजारी आहे! यादीत पक्षी अवघे तीन, त्यातला दुसरा म्हणजे आपली साळुंकी. मायदेशी गुणी असलेला हा बुलबुल हवाईच्या ओआहू बेटावर १९६०च्या दशकात पोहोचला आणि ऑर्किडची फुलं कुरतडू लागला. ताहितीत तो मायकोनिया या घुसखोर झाडाच्या बिया पसरवतो. अर्थात त्याला समुद्रापार नेलं माणसानंच. संवर्धनाच्या यादीत त्याचा शेरा: ‘किमान चिंता’.

त्याचा आग्नेय आशियातला चुलतभाऊ म्हणजे चुचाक रावा. लांबी जवळपास २८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या बुलबुलाहून चांगलाच थोराड. सोनेरी डोकं, काळी मिशी, मुक्काम नदीकाठच्या झाडीत. आणि गळा! नर-मादी मिळून अशी भरघोस, घुमणारी जुगलबंदी करतात की ऐकणारा जागीच थांबतो.

हाच गळा त्याच्या मुळावर आला. इंडोनेशियात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात, बक्षिसात मोटरसायकली आणि गाड्याही मिळतात. मग जंगलातून पक्षी उचलले जाणारच. थायलंडमधून तो नाहीसा झाला, जावा-सुमात्राची रानं जवळजवळ रिकामी झाली. २०१८ साली शेरा पडला: ‘अतिसंकटग्रस्त’. आश्चर्य म्हणजे त्याचा भक्कम आसरा उरलाय तो गजबजलेल्या सिंगापूरमध्ये, विशेषतः पुलाऊ उबिन बेटावर. २०२२ साली, वन्यजीवांच्या देशोदेशीच्या खरेदी-विक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पनामा बैठकीत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. ती फार उशिरा आली, असं मला मनापासून वाटतं.

लालबुड्याही माणसाच्या हौशीतून पूर्ण सुटलेला नाही. आसामात हाजोच्या हयग्रीव माधव मंदिरात माघ बिहूला त्याच्या झुंजी लावत. डिसेंबर २०२४मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं त्या थांबवल्या.

बुलबुल पकडणं, पाळणं, विकणं आपल्याकडे कायद्यानं गुन्हा आहे. महाराष्ट्रात कुठे पिंजऱ्यात दिसला, तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लगेच फिरवा.