मानसशास्त्र शिकायचे आहे, पण कशासाठी?

तपासणी आटोपल्यावरही काही मंडळी खुर्चीतून लगेच उठत नाहीत. थोडे घुटमळतात आणि विचारतात, "डॉक्टर, मला मानसशास्त्र शिकायचे आहे. प्रवेश कुठे घेऊ?" विचारणाऱ्यांत नोकरीला कंटाळलेले बँक अधिकारी असतात, मुले परगावी गेल्याने घर ओकेबोके झालेल्या गृहिणी असतात, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे शिक्षक असतात. ही ओढ स्वागतार्ह आहे. मात्र 'कुठे' या प्रश्नाआधी 'कशासाठी' हा प्रश्न सोडविला नाही, तर पैसा आणि उमेदीची वर्षे दोन्ही वाया जातात. क्वचित दुसऱ्याचे नुकसानही होते.

दोन वाटा

मानसशास्त्राकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिली स्वतःला आणि आपल्या माणसांना समजून घेण्याची. दुसरी इतरांचे मानसिक दुःख हलके करण्याच्या व्यवसायाची. पहिल्या वाटेला पदवीची गरज नाही. 'स्वयम्' या शासकीय मंचावर मानसशास्त्राचे प्राथमिक पाठ घरबसल्या ऐकता येतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. ठाण्यात १९९० पासून कार्यरत असलेल्या 'आयपीएच' संस्थेने मानसिक आरोग्य हा विषय सामान्य कुटुंबांच्या बोलण्यात आणला. आत्मविकासासाठी एवढी शिदोरी कमी नाही. पण या वाटेवर मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे.

एक अनुभव

परिचयातील एक भगिनी उदासी, थकवा आणि विसराळूपणा यांनी त्रस्त होत्या. अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या एका समुपदेशकाकडे त्या आठ महिने जात होत्या. विचार सकारात्मक करण्याचे स्वाध्याय चालू होते. गुण येत नव्हता आणि दोष आपल्याच मनोबलाचा आहे, असे त्यांना वाटू लागले होते. शेवटी रक्ततपासणीत थायरॉईडचे कार्य मंदावल्याचे आढळले. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत चेहरा बदलला. समुपदेशकाचा हेतू निर्मळच होता. परंतु आपल्या कक्षेबाहेरचे काय, हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना मिळालेच नव्हते. ते केवळ पुस्तकातून मिळत नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्ण पाहूनच मिळते.

व्यवसायाची वाट

मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. औषधे तोच देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक चाचण्या व मानसोपचार करतो. त्याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दिलेली असून भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली अर्हता त्यासाठी लागते. केवळ एम.ए. झाल्याने हे बिरुद लावता येत नाही. आजवरचा राजमार्ग म्हणजे तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांचे एम.ए. आणि त्यानंतर रुग्णालयात पूर्णवेळ दोन वर्षांचे एम.फिल., अशी सात वर्षे.

हा मार्ग आता बदलत आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल. बंद होत असून या विषयापुरती त्यास २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत देण्यात आली होती. परिषदेने त्याऐवजी नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे; माहितीपत्रकावर विसंबू नये.

दुसरा बदल प्रौढ विद्यार्थ्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. करणे ही अनेकांची सोय होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाईन पदवी अभ्यासक्रम थांबविण्यास सांगितले आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात मानसशास्त्रज्ञांचा समावेश झाला, त्याचा हा परिणाम. तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून बेत आखू नयेत.

ज्यांना इतकी वर्षे देणे शक्य नाही, त्यांनी निराश होऊ नये. शालेय मार्गदर्शन, विशेष मुलांचे शिक्षण, मनुष्यबळ विकास, समाजकार्य या क्षेत्रांत मानसशास्त्राचा भरपूर उपयोग होतो. शिक्षकाचा वर्गातील किंवा अधिकाऱ्याचा कार्यालयातील अनुभव तेथे भांडवल ठरतो.

स्वतःला विचारावयाचे तीन प्रश्न

पहिला : माझे स्वतःचे दुःख मिटावे म्हणून मी हे शिकत आहे काय? तसे असल्यास आधी स्वतः उपचार घ्यावेत. अभ्यासक्रम हा उपचाराला पर्याय नाही. दुसरा : या शिक्षणात माझ्या शेजारी बसून माझे काम तपासणारी, चूक दाखविणारी अनुभवी व्यक्ती आहे काय? तिसरा : ही वर्षे माझे घर आर्थिकदृष्ट्या सोसू शकेल काय? या तिन्हींची उत्तरे कागदावर लिहून काढावीत आणि घरच्यांना दाखवावीत.

आपल्यासारख्या बडोदेकर मराठी मंडळींजवळ एक जमेची बाजू आहे. पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात, पण माणसाचे दुःख मातृभाषेत बोलते. आजी "जिवाला चैन पडत नाही" म्हणते, शेजारचे काका "गभरामण थाय छे" म्हणतात. दोन्ही वाक्यांमागची चिंता ऐकू येणारा कान पुढच्या शिक्षणात फार मोलाचा ठरतो. शिवाय सयाजीराव विद्यापीठात शिक्षण व मानसशास्त्र यांची स्वतंत्र विद्याशाखा आपल्या गावातच आहे.

शेवटी आम्हा डॉक्टरांविषयी. रुग्णाला समुपदेशकाकडे पाठविताना त्याची अर्हता आपण विचारतो काय? पॅथॉलॉजिस्टची सही नसलेला अहवाल आपण स्वीकारत नाही. मग मनाच्या बाबतीत एवढी ढिलाई का? आणि खुर्चीत घुटमळणाऱ्या त्या माणसाला महाविद्यालयाचा पत्ता देण्यापूर्वी दोन मिनिटे द्यावीत. मानसशास्त्र शिकण्याच्या इच्छेआड कधी कधी मदतीची हाक असते. ती ऐकू आली, तर पत्त्याऐवजी उपचाराची वाट दाखवावी. दवाखाना बंद असतानाच्या वेळेसाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा शासकीय क्रमांकही लिहून द्यावा. आणि इच्छा खरोखरच शिकण्याची असेल, तर वय आड येऊ देऊ नये. फक्त वाट पारखून घ्यावी.