मानसोपचार करणारा नेमकं काय शिकलेला असतो?

केदारखेड्यातल्या विहारात बैठक संपल्यावर एक तरुण मागे थांबला. चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय, झोप उडालीय. "ताई, समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट... जायचं कुणाकडे?"

प्रश्न रास्त आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी झालेले डॉक्टर असतात. औषध तेच देतात. आज काम करणाऱ्या बहुतेक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांनी मानसशास्त्रात एमए करून पुढे दोन वर्षांचं एमफिल केलेलं असतं, रुग्णांसोबत देखरेखीखाली काम केलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केलेली असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आठ दिवसांचा कोर्स केलेलाही लावतो. म्हणून शिक्षण कुठे झालं, नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

शिक्षणाइतकीच पद्धतही महत्त्वाची. ठाण्याला १९९० पासून आयपीएच ही संस्था चालवणारे डॉ. आनंद नाडकर्णी स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. पण औषधासोबत ते अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरतात. ती महाराष्ट्रात रुजवली कि. मो. फडके यांनी. घटनेपेक्षा तिच्याबद्दलची आपली ताठर समजूत जास्त छळते, हे तिचं सूत्र. एकाच पद्धतीला चिकटून न राहता औषध, विचारांवरचं काम, कुटुंबाशी बोलणं, सजगता यांतलं माणसाला जे लागेल ते जोडणं, याला एकात्मिक उपचार म्हणतात.

इथे माझं एक म्हणणं आहे. मुलाखतीत आडनाव ऐकून कुणी तोंड वाकडं केलं, तर तो आपल्या विचारातला दोष नव्हे. तो अन्याय आहे. त्यातून काढलेला "मी नालायकच" हा निष्कर्ष मात्र तपासता येतो. हा फरक न कळणारा थेरपिस्ट कितीही शिकलेला असो, आपल्या पोरांना तो अर्धाच ऐकतो.

आणि विपश्यना? जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे बौद्ध ध्यानच होतं. तरी दहा दिवसांचं शिबिर म्हणजे उपचार नव्हे. गंभीर मनोविकार असणाऱ्यांनी शिबिराला येऊ नये, असं शिबिरवालेच सांगतात. चालू गोळ्या बंद करून तर मुळीच जाऊ नका.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्या तरुणाने तो तिथेच मोबाइलमध्ये टाकून घेतला. सोमवारी आम्ही दोघं जालन्याला जिल्हा रुग्णालयात जाणार आहोत.