पिशवी काढण्याआधी

गड्ड्याच्या जत्रेची धूळ अजून बसली नव्हती, त्या दिवसांतलं हे हळदीकुंकू. सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि चहाच्या कपाबरोबर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. पुरुष मंडळी घरात नसली की बायकांचं खरं बोलणं सुरू होतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेजारच्या वहिनी सांगत होत्या. वय ३८, दोन मुलं, दुसऱ्याच्या वेळीच ऑपरेशन झालेलं. वर्षभर पाळी महिन्यातून दोनदा येते, आठ-आठ दिवस जाते, जिना चढताना दम लागतो. एका डॉक्टरांकडे गेल्या, तर पाच मिनिटांत निकाल लागला : "पिशवीला सूज आहे. काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल."

"मग काढून टाक की गं!" एक जण म्हणाली. "माझी पस्तिसाव्याच वर्षी काढली. कटकट गेली." दुसरीनं मान डोलावली, "खरंच. मुलं झाली, आता तिचा उपयोग काय?"

वहिनींच्या सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मैत्रिणींनो, "आता तिचा उपयोग काय?" हा प्रश्न घेऊनच मी त्या दिवशी घरी आले. दात दुखला तर आपण दोन डॉक्टरांना विचारतो. साडीचा रंग उतरला तर दुकानात परत जाऊन भांडतो. आणि पोटातला एक अवयव काढायचा की नाही, हे मात्र चहा गार व्हायच्या आत ठरतं!

पिशवी म्हणजे गर्भाशय. एरवी जेमतेम आपल्या मुठीएवढा. त्याच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश. बाईच्या शरीराचं घड्याळ खरं म्हणजे या बीजांडकोशांत आहे. मुलगी जन्माला येते तीच दहा-वीस लाख बीजं घेऊन. न्हाण येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती चारशे-पाचशेच. बाकीची आपोआप विरून जातात. आधी छाती भरू लागते, उंची झपाट्यानं वाढते आणि मग साधारण दोन वर्षांनी पाळी येते. बहुतेक मुलींना ती बारा-तेराच्या सुमारास येते. पहिली एक-दोन वर्षं ती कधी दीड महिन्यानं, कधी वीस दिवसांनी येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सोळाव्या वर्षापर्यंत आलीच नाही, तर मात्र दाखवावं.

त्यानंतरचा काळ आपल्याला पाठच असतो. लग्न, डोहाळे, बाळंतपण, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी. या काळात बाईला दवाखाना ठाऊक असतो, कारण पोटात मूल असतं. तपासणी मुलासाठी, टॉनिक मुलासाठी! दुसरं मूल झालं, टाके पडले की दवाखान्याचा आणि बाईचा संबंध संपतो. तिशीपासून पुढं पंधरा-वीस वर्षं तिला 'तिथं' कुणी तपासतच नाही. आणि नेमक्या याच काळात काळजी घेण्यासारखं सगळं घडत असतं.

चाळिशीचं वळण

आपल्याकडे पाळी जाण्याचं वय सरासरी ४६-४७ आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास असतं. पण पाळी दिवा मालवल्यासारखी एका दिवसात जात नाही. आधीची चार-पाच वर्षं बीजांडकोशांचा ताल चुकायला लागतो. एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही. मग आतलं अस्तर वाढत राहतं आणि एकदम जोरात जातं. जशी सुरुवातीला अनियमित, तशीच शेवटाला. म्हणजे चाळिशीतलं मागं-पुढं होणं पुष्कळदा या वळणाचं असतं, पिशवी 'खराब' झाल्याचं नव्हे. 'सूज आहे' हाही असाच एक शब्द. दोन-तीन बाळंतपणं झालेली पिशवी थोडी मोठी राहतेच.

पण म्हणून सगळं अंगावर काढायचं असंही नाही हं! जास्त जाण्याला कारणं असतात आणि ती शोधता येतात. रक्तातलं लोह, थायरॉइड, सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आणि गरज वाटली तर आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासणं, एवढं झाल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढू नये. कारण सापडलं की बहुतेकदा आधी औषध असतं : रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू आत बसवणं. पिशवीत छोटी गाठ निघाली आणि ती त्रास देत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. पाळी गेल्यावर अशा गाठी सहसा आक्रसतात. पांढरं जाण्याचं म्हणाल, तर ते बरेचदा साध्या जंतुसंसर्गानं असतं आणि औषधानं थांबतं. त्यासाठी पिशवी काढणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळण्यासारखं आहे.

आणि लोह! महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. भाकरी आपली चांगलीच आहे, पण तिच्यावर लिंबू पिळलेली पालेभाजी किंवा हुलग्याची उसळ हवी आणि जेवणावर लगेच चहा नको. रक्त फारच कमी असेल तर नुसत्या खाण्यानं भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

ऑपरेशन कधी करावंच लागतं? कॅन्सर असला तर, गाठी फार मोठ्या होऊन दाब आणत असतील तर, औषधांनी रक्त थांबतच नसेल तर, मायांग फार बाहेर येत असेल तर. अशा वेळी टाळाटाळ करू नये. मात्र डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : "बीजांडकोश ठेवणार की काढणार?" पिशवीबरोबर तरुणपणी दोन्ही बीजांडकोशही गेले, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका दिवसात अंगावर कोसळतो. अंगाची लाही, झोप उडणं आणि पुढं हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. ते ठेवले तरीही नुसती पिशवी काढलेल्यांची रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. 'कटकट गेली' म्हणणारीची कंबर का दुखते, गुडघे का बोलतात, याचा विचार हळदीकुंकवात कुणी करत नाही.

बीड जिल्ह्यातली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या जातात, अशा बातम्या २०१९ साली आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या साडेतेरा हजारांहून जास्त जणींचं हे ऑपरेशन झालेलं निघालं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईला पाळी म्हणजे नुकसान वाटलं, तर तिला काय बोलणार? पण आपण शहरातल्या, पंख्याखाली बसणाऱ्या. आपल्याला कोणती घाई आहे?

बार्शीनं काय शिकवलं

आता नाण्याची दुसरी बाजू. डॉक्टरांनी वहिनींना कॅन्सरची भीती घातली. ती भीती खोटी नव्हे, फक्त तिच्यावरचा उपाय चुकीचा सांगितला गेला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आपल्या भागात पुष्कळ बायकांना होतो आणि त्यावरचं जगानं दखल घेतलेलं काम सोलापूरपासून सत्तर किलोमीटरवर, भगवंताच्या बार्शीत झालेलं आहे.

बार्शी, परंडा आणि भूम या भागातल्या खेड्यांमधली कॅन्सरची नोंदणी १९८७ साली सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. नोंद करणारी माणसं गावोगाव फिरत, कॅन्सरची लक्षणं समजावून सांगत. फार मोठी यंत्रं नव्हती. तरी काही वर्षांनी आकडे पाहिले, तर बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या होत्या. नुसत्या सांगण्यानं!

पुढं १९९९ साली बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या, काही त्रास नसलेल्या १ लाख ३१ हजार बायका. काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, काहींत पॅप स्मिअर, काहींत ॲसिटिक ॲसिडचं सौम्य द्रावण लावून डोळ्यांनी पाहणी. तुलनेच्या गावांत फक्त माहिती दिली, नेहमीचे उपचार ठेवले. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका दगावल्या होत्या, तुलनेच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवलं यावर नंतर टीका झाली आणि मला विचाराल तर ती रास्त होती. त्या ६४ जणीही कुणाच्या तरी आया होत्या.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक बायकांना तो कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपला आपण निघूनही जातो. त्यात कुणाच्या चालचलणुकीचा प्रश्न नाही, हे एकदा मनातून काढून टाका. काही जणींत तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला मग दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे पकडायला आपल्याला दहा-पंधरा वर्षं मिळतात! सुरुवातीचा बदल दिसला, तर तेवढाच भाग थंड उपचारानं गोठवून काढता येतो, पिशवी जागेवर राहते. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात, भूल लागत नाही. तिशीनंतर दर पाच वर्षांनी करावी. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल, तर तिच्यासाठी लसही आहे. पुण्यात तयार होणारी आपली लस २०२३ पासून मिळते.

लाज वाटते, हे मला मान्य आहे. डफरिन चौकातून आपण रोज जातो. ज्या लेडी डफरिनचं ते नाव, त्यांनी १८८५ साली हिंदुस्थानातल्या बायकांना स्त्री-डॉक्टर मिळावी म्हणून निधी उभारला होता. तेव्हा बाया पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. आता लेडी डॉक्टर गल्लोगल्ली आहेत आणि आपण अजून 'बघू पुढच्या महिन्यात'वरच.

वहिनींना मी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "मी पण येते." वाटलं, सुनेच्या सोबतीला. आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मला चार महिन्यांपासून परत दिसतंय."

त्यांची पाळी जाऊन नऊ वर्षं झाली होती. देवाचं करताना अडचण होते, एवढीच त्यांना खंत. सुनेला सांगायचं कसं, म्हणून गप्प बसल्या होत्या. मैत्रिणींनो, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. तसंच संबंधानंतर रक्त दिसलं किंवा घाण वासाचं पाणी जायला लागलं तरीही.

वहिनींची गाठ लिंबाएवढी निघाली, रक्त ८. गोळ्या सुरू झाल्या, पिशवी आहे तिथंच आहे. परवा त्यांचं रक्त ११ भरलं. सासूबाईंच्या तुकड्याचा रिपोर्ट मात्र कॅन्सरचा आला. सुरुवातीचा आहे, बरा होण्यातला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पिशवी काढायचं ऑपरेशन त्या घरात झालं ते त्यांचं. टाके निघाले आहेत, वाती पुन्हा वळायला लागल्या आहेत आणि आल्या-गेल्या प्रत्येक बाईला त्या विचारतात, "तू दाखवून आलीस का गं?"